भाडेकरू घर सोडतोय? डिपॉझिटचा हिशेब असा करा

पहिल्यांदा घर भाड्याने दिलं, तो भाडेकरू निघाला त्या दिवशी आम्ही दोघं रिकाम्या खोलीत खिडकीच्या कट्ट्यावर बसलो होतो. बसायला दुसरं काही उरलंच नव्हतं. माझ्या हातात वही होती आणि वहीत एकच आकडा लिहून आणला होता, सगळ्या घराच्या रंगाचा खर्च. भिंतीत खिळ्यांची पाच भोकं होती, सोफ्यामागे एक काळपट पट्टा उमटला होता. रंग याने खराब केला, पैसे याचेच कापायचे, असं माझं साधं गणित. तो मुलगा आवाज न चढवता म्हणाला, "काकू, रंग शेवटचा कधी दिला होता?" मला आठवेना. त्याला मात्र आठवत होतं, कारण तो राहायला आला तेव्हा मीच कौतुकाने सांगितलं होतं, चार वर्षं झाली तरी रंग कसा टिकलाय बघ. तो तीन वर्षं राहिला. म्हणजे सात वर्षांच्या जुन्या रंगाचे पैसे मी त्याच्याकडे मागत होते.

वही मिटली आणि त्याला सगळं डिपॉझिट परत दिलं. पण तेव्हापासून एक कळलं. या भांडणांत रक्कम सहसा किरकोळ असते. माणूस चिडतो ते आकडा कुठून आला हे त्याला कळत नाही म्हणून. त्यामुळे कापायच्या प्रत्येक रकमेसाठी तीन उत्तरं तयार हवीत: वस्तू आधी कशी होती, आता कशी आहे आणि आकडा कसा काढला. तिन्हीपैकी एक जरी देता आलं नाही, तर ती रक्कम कापू नका. पुढे जे लिहिलंय ते ही तीन उत्तरं वेळेवर हाताशी कशी ठेवायची याबद्दल आहे.

नोटीस आली की आधी करार काढा

भाडेकरूने सोडतो म्हणून सांगितलं की पहिलं काम फोन करायचं नाही, कपाटातला करार काढून वाचायचं. आपण सही करताना वाचलेला असतो, पण लक्षात राहतं ते आपल्याला सोयीचं तेवढंच. नोटिशीचा काळ किती, तो कुठल्या तारखेपासून मोजायचा, डिपॉझिट किती दिवसांत परत द्यायचं, कशासाठी कापता येतं, रंगाबद्दल वेगळं कलम आहे का, बिलं कोणाच्या नावावर आहेत, एवढं कागदावर उतरवून घ्या.

सोबत तुमच्या भागातला भाड्याचा कायदा पाहून घ्या. डिपॉझिट किती मुदतीत परत द्यायचं आणि कापलेल्या रकमेचा लेखी तपशील द्यायचा का, हे अनेक ठिकाणी कायद्यानेच ठरवून दिलेलं असतं. मुदत चुकवली तर कापण्याचा हक्क जाणं किंवा वर दंड बसणं, असंही काही ठिकाणी होतं. करारात लिहिलंय म्हणजे सगळं चालतं असं नाही. कलम कायद्याच्या विरोधात जात असेल तर ते टिकत नाही, मग त्याखाली दोघांच्या सह्या असोत.

भाडेकरूला लगेच एक छोटा लेखी निरोप पाठवा. व्हॉट्सॲपवर चालेल, ईमेल जास्त बरी. त्यात चार गोष्टी पुरेत: नोटीस मिळाली, शेवटचा दिवस अमुक, घर एकदा आधी पाहायला येईन, आणि डिपॉझिट ज्या खात्यात हवं त्याचा तपशील कळवा. तारीख नुसती तोंडी ठरली की नंतर दोघांच्या डोक्यात दोन तारखा असतात. महिनाअखेर म्हणजे तीस की एकतीस, इथूनसुद्धा वाद सुरू झालेला मी पाहिलाय.

निघण्याआधीची फेरी

ही पायरी बहुतेक नवे घरमालक गाळतात आणि पुढचे निम्मे वाद तिथेच जन्मतात. भाडेकरू निघायच्या दोन-तीन आठवडे आधी, वेळ विचारून, एकदा घर पाहून या. न सांगता जाऊ नका. घर तुमचं असलं तरी त्या दिवसापर्यंत राहतं ते त्यांचं आहे.

फेरीचा हेतू पैसे ठरवणं नाही. "हे एवढं दिसतंय, निघण्याआधी तुम्ही करून घेतलंत तर माझ्याकडून काही कापलं जाणार नाही," असं सांगणं हा हेतू. सैल झालेली कडी, उडालेला बल्ब, न चालणारा पंख्याचा रेग्युलेटर, सिंकखालचं ठिबकणं ही कामं भाडेकरू स्वतः करतो तेव्हा स्वस्तात होतात. तुम्ही नंतर माणूस बोलावला की त्याची फेरी, त्याचं साहित्य आणि तुमचा गेलेला दिवस असं सगळं त्यात मिसळतं, आणि मग एका कडीचं बिल पाहून समोरच्याला वाटतं की आपल्याला लुबाडलं.

यादी त्याच संध्याकाळी पाठवा. भाडेकरूने काम केलं की नीट झालंय का तेवढं बघा. खिळ्यांची भोकं टूथपेस्टने बुजवण्याची युक्ती सगळ्यांना ठाऊक असते. पांढऱ्या भिंतीवर लांबून दिसत नाही, बोट फिरवलं की कळतं. मी त्यावर ओरडत नाही, पण पुट्टीची छोटी पिशवी मीच नेऊन देते आणि म्हणते, याने भरा. नंतरच्या भांडणापेक्षा ती पिशवी स्वस्त पडते.

झीज की नुकसान

सगळी मेख इथे आहे, म्हणून जरा थांबून सांगते.

घर वापरलं की झिजतं. त्या झिजेचे पैसे भाडं म्हणून दर महिन्याला आपल्या हातात आलेले असतात. ते पुन्हा डिपॉझिटमधून घेणं म्हणजे एकाच गोष्टीचे दोनदा पैसे घेणं. नुकसान वेगळं. ते निष्काळजीपणामुळे, अपघाताने किंवा मनमानी फेरफारामुळे होतं. मी स्वतःला एकच प्रश्न विचारते: हे वापरल्यामुळे झालं, की वापर चुकल्यामुळे?

उन्हाने फिका पडलेला रंग, पलंगाच्या पायांचे फरशीवर उमटलेले ठसे, तस्विरी लावायला मारलेले दोन-चार खिळे, वॉशर झिजून ठिबकणारा नळ, दाराची सैल झालेली बिजागरी ही झीज. दहा वर्षांचा पंखा घरघरायला लागला तर त्यात भाडेकरूचा काय दोष? याउलट गरम भांडं ठेवून ओट्यावर पडलेला काळा डाग, तडकलेलं बेसिन, टाइल्समध्ये न विचारता ड्रिल करून पाडलेली भोकं, पाळीव प्राण्याने खरवडलेला दरवाजा, मुलांनी भिंतीवर मार्करने काढलेली गावं, तुटलेला स्विचबोर्ड हे नुकसान. भिंतीवरच्या त्या गावांत एक आगगाडी होती, ती पुसताना मला खरं सांगते, वाईट वाटलं. पण पैसे मात्र घेतले.

मधला भाग अवघड. ओल घ्या. बाथरूमच्या वरच्या कोपऱ्यात बुरशी धरली, तर बाहेरच्या पाइपातून पाणी मुरतंय की आतला एक्झॉस्ट फॅन वर्षभर बंद होता? पहिलं असेल तर ते घरमालकाचं काम. दुसरं असेल तर जबाबदारी भाडेकरूकडे वळते, पण तुम्ही तो पंखा चालू स्थितीत दिला होता हे दाखवता आलं पाहिजे. गळतीचंही तसंच. गळती सुरू होणं त्याच्या हातात नव्हतं, पण सहा महिने खाली बादली लावून गप्प बसला आणि त्यात लाकडी कपाटाचा तळ फुगला, तर त्या कपाटाच्या खर्चात त्याचा वाटा आहे. नळाच्या दुरुस्तीत मात्र नाही. आणि त्याने कळवलं होतं, तुम्ही आलाच नाहीत, असं असेल तर कपाटही तुमच्याच खात्यात. जुने मेसेज चाळून पाहा. मला एकदा असाच आपलाच न पाहिलेला मेसेज सापडलाय.

भाडेकरू किती दिवस राहिला हेही मोजावं लागतं. पाच महिने राहिलेल्याने केलेली तीच काळवंडलेली भिंत आणि सहा वर्षं राहिलेल्याची भिंत यांना एक न्याय लावता येत नाही. घरात माणसं किती राहणार हे तुम्हाला सुरुवातीलाच माहीत होतं. चार जणांचं कुटुंब ठेवल्यावर एका माणसाइतकीच झीज होईल अशी अपेक्षा धरू नका.

आकडा कसा काढायचा

नुकसान ठरलं, आता किती कापायचं? नव्या वस्तूची पूर्ण किंमत कापणं ही नवशिक्यांची पहिली चूक. माझीही होती. भाडेकरूने जे मोडलं ते जुनं होतं, म्हणून भरपाईसुद्धा जुन्याचीच.

वस्तूचं साधारण आयुष्य किती, त्यातलं किती सरलं, किती उरलं, एवढं धरायचं. समजा आतल्या भिंतींचा रंग पाच वर्षं टिकेल असं तुम्ही दोघांनी मानलं. रंग देऊन तीन वर्षं झाली होती आणि भाडेकरूने एक भिंत पूर्ण खराब केली. त्या एका भिंतीचा खर्च १०० धरला, तर उरलेलं आयुष्य दोन वर्षं, म्हणजे दोन पंचमांश. कापायचे ४०. रंग सहा वर्षांचा असता तर कापायचं शून्य, भिंतीवर मार्करने काहीही काढलं असलं तरी. काही लोक इथे म्हणतात, अशाने त्याला मोकळं रान मिळालं. मिळू दे. तो रंग तसाही तुम्हाला द्यायचाच होता.

दुरुस्तीचं वेगळं. वस्तू दुरुस्त होत असेल तर नवी घेऊन तिचे पैसे मागू नयेत, दुरुस्तीचा खर्च मागावा. एक टाइल तडकली तर एका टाइलचे आणि ती बसवायचे. त्या रंगाची टाइल आता मिळत नाही म्हणून सगळी फरशी बदलायची असेल, तर बदला, पण सगळ्या फरशीचा खर्च भाडेकरूच्या डोक्यावर टाकता येत नाही. तसंच, साधा नळ तुटला आणि तुम्ही भारीतला बसवला, तर वरचा फरक तुमचा.

खर्चाचा पुरावा म्हणजे बिल. काम अजून व्हायचं असेल तर कारागिराकडून लेखी अंदाज घ्या. रक्कम जरा मोठी असेल तर दोघांकडून घ्या आणि भाडेकरूला दोन्ही दाखवा. तुम्ही स्वतः काम केलंत तर साहित्याचे पैसे धरा. स्वतःच्या मजुरीचा आकडा लावला की वाद झालाच समजा.

साफसफाईबद्दल थोडक्यात: घर जसं दिलं होतं तितकं स्वच्छ मागता येतं, त्याहून जास्त नाही. दिलं तेव्हा गॅसच्या ओट्यामागे चिकट होतं, तर परत घेताना चकचकीत मागू नका.

शेवटचं भाडं आणि बिलं

"शेवटच्या महिन्याचं भाडं डिपॉझिटमधून कापून घ्या" हे वाक्य प्रत्येक घरमालक ऐकतो. सोयीचं वाटतं, पण त्यात डिपॉझिट आधीच निम्मं संपतं आणि मग नुकसान सापडलं तर मागायचं कशातून? मी सरळ नाही म्हणत नाही. घर आधीच्या फेरीत चांगलं दिसलं असेल आणि बिलं वेळेवर भरलेली असतील तर हो म्हणते, पण त्याच मेसेजमध्ये लिहून देते की उरलेल्या रकमेतून बिलं आणि नुकसान वळतं होईल आणि कमी पडलं तर वरचे भरावे लागतील. भाडेकरूने न विचारता भाडं थांबवलं असेल, तर लगेच लेखी कळवा की हे मान्य केलेलं नाही. तोंडाने गप्प राहिलात की नंतर ते मान्य होतं असं धरलं जातं.

महिन्याच्या मध्ये सोडलं तर दिवसाचं भाडं काढावं लागतं. भाडं भागिले त्या महिन्याचे दिवस, गुणिले भाडेकरू त्या महिन्यात जितके दिवस राहिला तितके दिवस. ३१ दिवसांच्या महिन्याला ३० ने भागून दिवसाचा दर वाढवू नका. फरक चिमूटभर असतो, पण समोरचा नेमका तोच हिशेब करून बसलेला असतो. करारात भागाकाराची पद्धत लिहिली असेल तर मात्र तीच.

वीजबिल. निघायच्या दिवशी मीटरचा फोटो दोघांच्या समोर काढा, आकडे स्पष्ट दिसतील असा, आणि तिथेच एकमेकांना पाठवा. मग बिलाची वाटणी दिवसांवर न करता युनिटवर करता येते. असं समजा: बिलाच्या सुरुवातीचं रीडिंग ४२४०, भाडेकरू निघाला त्या दिवशीचं ४३१२, बिल संपलं तेव्हाचं ४३९०. एकूण १५० युनिट, त्यातले भाडेकरूचे ७२, म्हणजे ४८ टक्के. वापराच्या रकमेचे ४८ टक्के त्याचे. स्थिर आकार मात्र दिवसांवर वाटा, कारण तो वापरावर बसत नाही. बिलाचे ३० दिवस, त्यातले १६ दिवस तो होता, तर स्थिर आकाराचे ३० पैकी १६ भाग त्याचे. युनिट वाढले की दरही चढत जात असतील, तरी माझ्या मते ही टक्केवारी बरी. कोणाचे युनिट स्वस्त आणि कोणाचे महाग, हा वाद कधी संपत नाही.

बिल अजून आलंच नसेल तर गेल्या तीन बिलांची सरासरी काढा, तेवढीच रक्कम बाजूला ठेवा आणि बिल आलं की फरक परत करा. बिल येईपर्यंत सगळं डिपॉझिट अडकवून ठेवणं हा आळस आहे, दुसरं काही नाही. पाणी, इंटरनेट, इमारतीची देखभाल यांनाही हेच. इंटरनेट भाडेकरूच्या नावावर असेल तर राउटर त्याने परत केला का ते विचारा, नाहीतर कंपनीचा माणूस तीन महिन्यांनी तुमच्या नव्या भाडेकरूचं दार वाजवतो.

ताबा घ्यायचा दिवस

दिवसा जा. ट्यूबलाइटच्या उजेडात भिंती सगळ्या सारख्याच दिसतात. सामान निघाल्यावर जा, कारण कपाटामागचं नुकसान कपाट हलल्याशिवाय दिसत नाही. आणि भाडेकरू समोर हवा. तो येऊ शकत नसेल तर त्याने सांगितलेला कोणी, आणि तसं सांगितल्याचा मेसेज.

मी दारापासून सुरू करून उजव्या हाताने भिंत धरून चालते, म्हणजे कुठलाही कोपरा सुटत नाही. प्रत्येक खोलीत आधी दारातून एक फोटो, मग चार भिंती, छत, फरशी. प्रत्येक स्विच दाबते. पंखा एकपासून पाचपर्यंत फिरवते. प्रत्येक नळ पूर्ण सोडते आणि सिंकखाली कोरडा कागद धरते. कागदावर थेंब उमटला तर गळती, नुसतं बघून कळत नाही. बाथरूममध्ये एक बादली पाणी एकदम ओतून निचरा किती वेळात होतो ते बघते. फ्लश दोनदा. खिडक्या उघडून बंद. ओव्हन, गीझर, फ्रिज तुमचे असतील तर चालू करून पाहा, नंतर "माझ्या वेळी चालत होतं" हे वाक्य दोन्ही बाजूंनी निघतं. चाव्या मोजून घ्या: मुख्य दार, आतलं दार, टपालपेटी, पार्किंग. दिल्या किती होत्या हे करारात लिहून ठेवलं नसेल तर पुढच्या वेळी लिहा.

आणि या दिवशी पैशांचं बोलू नका. हा माझा अनुभवाने झालेला हट्ट आहे. भाडेकरू थकलेला असतो, टेम्पो खाली उभा असतो, तुम्हालाही घर पाहून कळवळा आलेला असतो. अशा वेळी तोंडातून निघालेला आकडा मग मागे घेता येत नाही. त्या दिवशी कागदावर फक्त काय आहे ते लिहा: "हॉलची पूर्वेची भिंत, मार्करचे डाग, साधारण एक मीटर बाय एक मीटर. बेसिनला तडा, नळाच्या डावीकडे." खाली दोघांच्या सह्या. एखाद्या ओळीवर भाडेकरूचं वेगळं म्हणणं असेल तर त्याच्याच शब्दांत तिथेच लिहून घ्या. "तडा मी आलो तेव्हाही होता" असं त्याने लिहिलं, तर नंतर तुमचे जुने फोटो बघून प्रश्न मिटतो.

जुने फोटो नाहीतच? मग तो तडा सोडून द्या. सिद्ध करण्याचा भार पैसे कापणाऱ्यावर असतो, आणि तो तुम्ही आहात.

हिशेबाचा कागद

दोन-तीन दिवसांत हिशेब पाठवा, कायद्याची मुदत जास्त असली तरी. उशीर झाला की माणूस संशय घ्यायला लागतो, आणि संशयाला उत्तर देता देता मूळ विषय बाजूला राहतो. कागद साधा हवा. वर जमा डिपॉझिट. खाली एकेक वजावट, तिच्यासमोर कारण, मोजणी, आणि जोडलेला फोटो किंवा बिल. शेवटी परत द्यायची रक्कम. "इतर किरकोळ" अशी ओळ कधीही लिहू नका. त्या दोन शब्दांनी बाकीच्या खऱ्या ओळींवरचाही विश्वास उडतो.

मी साधारण असं लिहिते:

"हॉलच्या पूर्वेच्या भिंतीवर मार्करचे डाग, ताब्याच्या यादीत क्रमांक २, फोटो सोबत. या एका भिंतीच्या रंगाचा कारागिराचा लेखी अंदाज जोडला आहे. रंग तीन वर्षांपूर्वी दिला होता, आयुष्य पाच वर्षं धरलं, म्हणून अंदाजाच्या दोन पंचमांश रक्कम वजा केली. खिळ्यांची भोकं झीज म्हणून धरली, वजावट नाही. आपलं काही वेगळं म्हणणं असल्यास सात दिवसांत कळवावं. बेसिनबद्दल एकमत नाही. तेवढी रक्कम बाजूला ठेवून बाकी आज खात्यात जमा केली आहे."

शेवटचं वाक्य पुन्हा वाचा. माझ्या मते सगळ्या लेखात उपयोगाचं तेच. ज्या रकमेवर वाद नाही ती लगेच परत करा, अडेल ती फक्त वादातली. सगळं डिपॉझिट हातात धरून "आधी बेसिनचं मान्य कर" म्हणणारा घरमालक बेसिनच्या मुद्द्यावर बरोबर असला तरी हरतो. आणि भाडेकरूला नव्या घराचं डिपॉझिट भरायचं असतं, त्याचे पैसे तुमच्याकडे अडकलेत, हेही ध्यानात घ्या.

पैसे ज्याने भरले त्यालाच परत करा. दोघे-तिघे मित्र राहत असतील तर कोणाला किती, हे तिघांकडून लेखी घ्या. एकाला दिलं आणि तो बाकीच्यांना द्यायला विसरला, की फोन तुम्हालाच येतो. घर राहिलं आणि तिघांतला एकच निघाला, तर त्याचा वाटा नव्या येणाऱ्याने आपसात द्यायचा, की तुम्ही हिशेब करून द्यायचा, हे आधीच ठरवा. त्याच्या काळातलं नुकसान त्याच दिवशी पाहून नोंदवलं नाही तर दोन वर्षांनी कोणाच्या माथी मारणार?

तरीही पटलं नाही तर

फोनवर बोला, पण बोलणं झालं की त्याचा सारांश लिहून पाठवा. आधी त्याचं ऐका. "तुमच्याकडे राहायला आलात तेव्हाचे फोटो आहेत का?" हा प्रश्न विचारायला लाजू नका. कित्येकदा असतात, आणि कित्येकदा ते तुमच्याच बाजूने बोलतात. एका बाईंनी मला अशाच फोटोत ओट्याचा डाग दाखवला होता, जो मी त्यांच्या नावावर धरला होता. माफी मागितली, ओळ खोडली, बाकीच्या दोन ओळी त्यांनी मग हूं की चूं न करता मान्य केल्या.

भावनेच्या जोरावर कधी कधी समोरूनच येतं, "काकू, निम्मं निम्मं करा आणि मिटवा." तुमची मोजणी पक्की असेल तर निम्मं करायची गरज नाही. मोजणी कच्ची असेल तर निम्मंसुद्धा जास्त आहे. पण बेसिनसारखं, जिथे खरंच दोघांनाही ठाऊक नाही, तिथे निम्मं हा चांगला न्याय.

आणि सोडून देण्याची एक रेघ स्वतःसाठी आखून ठेवा. माझी रेघ दोन दिवसांच्या भाड्याइतकी. त्याच्या खालचा वाद मी मिटवते, फोन, येरझाऱ्या आणि रात्री झोप न लागणं यांची किंमत त्याहून जास्त होते म्हणून. नवा भाडेकरू येईपर्यंत घर रिकामं राहिलं तर दोन दिवस सहज जातात.

काही गोष्टी कितीही राग आला तरी करायच्या नाहीत. ताबा घेण्याआधी कुलूप बदलायचं नाही. वीज-पाणी तोडायचं नाही. त्याचं सामान अडवून ठेवायचं नाही. इमारतीच्या ग्रुपवर त्याच्या नावाने लिहायचं नाही. यातल्या बहुतेक गोष्टी जवळपास सगळीकडे बेकायदा ठरतात, आणि चिमूटभर रकमेसाठी तुम्ही वादी असताना आरोपी होऊन बसता. मागे राहिलेलं सामान सापडलं तरी ते फेकू नका. यादी करा, फोटो काढा, कधीपर्यंत न्यायचं ते लेखी कळवा आणि तुमच्याकडच्या नियमाप्रमाणे वाट पाहा.

दोघांच्या ओळखीचं कोणी मध्यस्थ मिळालं तर बघा, पण ज्याला खरंच दोन्ही बाजू मानतात असं. नाहीतर भाड्याच्या किंवा छोट्या रकमांच्या वादांसाठी बऱ्याच ठिकाणी वेगळी व्यवस्था असते, तिथे वकिलाशिवायही अर्ज करता येतो. तिकडे जायचं ठरवलंत तर तुमची करारप्रत, दोन्ही वेळचे फोटो, सही केलेली यादी, बिलं आणि मेसेज तारखेच्या क्रमाने एका फाइलीत लावा. हे लावता लावता पुष्कळदा आपल्याच लक्षात येतं की एक कागद कमी आहे, आणि मग आपणच फोन करून मिटवतो. माझं दोनदा झालंय.

उलटं, नुकसान डिपॉझिटपेक्षा जास्त असेल तर वरची रक्कम मागणं तुमचा हक्क आहे, पण एकदम मिळेल ही आशा धरू नका. हप्ते ठरवा, तारखा लिहा. माणूस भरणार नाही असं स्वच्छ दिसत असेल, तर किती मागे लागायचं ते त्या रेघेवर मोजा.

मिटलं की एक ओळीची पोच दोघांनी लिहून घ्यायची: "डिपॉझिटचा पूर्ण व अंतिम हिशेब झाला, यापुढे कोणाचं कोणाकडे काही येणं नाही." सही, तारीख. मेसेजमधलं उत्तरही चालतं.

मग सगळे फोटो एका फोल्डरमध्ये, नाव फक्त खोलीचं आणि तारखेचं. हेच फोटो पुढच्या भाडेकरूच्या पहिल्या दिवशी उपयोगी पडतात, फक्त त्या दिवशी नवे काढायला विसरू नका. रंगाची तारीख मी आता कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला पेन्सिलीने लिहून ठेवते. शेवटच्या भाडेकरूने राहायला आल्यावर तिसऱ्या दिवशी फोन करून विचारलं, "काकू, कपाटात कोणीतरी तारीख लिहून ठेवलीय, पुसू का?" म्हटलं, नको, ती तुझ्यासाठीच आहे.